प्रवास कोणाचा, भार कोणाचा?

मनुष्यानें आपल्या सुखाचें मोल स्वतः दिलें, तर त्या सुखास नांवें ठेवण्याचा अधिकार कोणासही नाहीं. परंतु सुख एकानें भोगावें आणि त्याचें मोल दुसऱ्यानें, तेंही त्यास न विचारतां, द्यावें, असें जेथें घडतें तेथें नीतीचा प्रश्न उत्पन्न होतो. विमानप्रवास हें अशा सुखाचें ठळक उदाहरण आहे. त्याचा विचार मुंबईच्या विमानतळावर बसून करण्यापेक्षां गोदावरीकांठच्या गंगाखेडास उभें राहून केल्यास तो अधिक स्वच्छ होईल, असें आम्हांस वाटतें.

विमानाचें इंधन एक किलो जळलें, तर तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड वायू हवेंत जातो. मनुष्यजात इंधन जाळून हा जो वायू सोडते, त्याचा सुमारें अडीच टक्के भाग विमानांचा आहे. शिवाय उंच आकाशांत विमानांमागें उमटणारे पांढरे पट्टेही पृथ्वीची उष्णता कोंडून धरतात. अडीच टक्के हा आंकडा लहान वाटेल. पण तो किती थोड्या लोकांचा आहे, हें पाहिलें पाहिजे. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें २०१८ मध्यें जगांतील सुमारें ११ टक्केच लोक विमानांत बसले, आणि प्रवासी विमानांच्या धुरापैकीं निम्मा केवळ १ टक्का लोकांच्या प्रवासाचा होता. गंगाखेडचा सामान्य मनुष्य परभणी-परळी मार्गावरील रेल्वेनें किंवा एस. टी.नें जातो, शेगांवची पालखी तर आषाढी वारीस जातांना याच गांवावरून पायीं जाते. परंतु ऋतुमान बिघडलें, पाऊस लांबला किंवा एकदम कोसळला, तर नुकसान प्रथम याच मनुष्याच्या शेतांत पोहोंचतें.

यावर उपाय म्हणून नवें इंधन पुढें आलें आहे. उसाच्या मद्यार्कापासून विमानाचें इंधन करतां येतें. ऊस वाढतांना हवेंतून जो कर्ब घेतो तोच जळतांना परत जातो, म्हणून हवेवर नवा भार कमी पडतो. १९ मे २०२३ रोजीं पुण्याहून दिल्लीस गेलेल्या एका विमानांत पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनें देशी कच्च्या मालापासून बनविलेलें पर्यायी इंधन अल्प प्रमाणांत मिसळलें होतें. परदेशीं जाणाऱ्या विमानांच्या इंधनांत असें मिश्रण २०२७ मध्यें १, २०२८ मध्यें २ व २०३० मध्यें ५ टक्के असावें, असें लक्ष्य भारत सरकारनें ठेविलें आहे. प्रयत्न स्तुत्य आहे. पण त्यानें मूळ प्रश्न सुटत नाहीं, तो केवळ आकाशांतून शेतांत उतरतो.

कारण ऊस पाण्यावर वाढतो आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ शेतांत उभा राहतो. गंगाखेड तालुक्यांत ऊस आहे, साखर कारखाना आहे. आणि मराठवाड्यांत पाण्याचें दुर्भिक्षही आहे. येथून परळीमार्गें आगगाडीनें गांठतां येणाऱ्या लातुरास १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून रेल्वेनें पांच लाख लिटर पाणी आणावें लागलें. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. ज्या पिकाचा किमान भाव ठरलेला आहे तें तो घेणारच. साखर काढून उरलेल्या मळीचें इंधन करणें हा तर टाकाऊ वस्तूचा सदुपयोग होय. परंतु उडणारे वाढत गेले आणि त्यांच्यासाठीं मुद्दाम ऊस लावूं लागलों, तर विहिरीचें पाणी विमानाच्या टांकींत ओतल्यासारखें होईल. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमि. दळणकांडणांत जिचा जन्म गेला तिच्या गांवीं तरी, जातें ओढणारा कोण आणि भाकरी खाणारा कोण, हा प्रश्न विसरला जाऊं नये.

कोणी म्हणेल, पाश्चात्त्य देश इतकीं वर्षें मनसोक्त उडाले. आतां आमची पाळी आली तेव्हांच हा उपदेश कां? आक्षेप न्याय्य आहे. म्हणूनच आमचें म्हणणें नांदेडच्या विमानतळावर प्रथमच पाऊल ठेवणाऱ्यास उद्देशून नाहीं, आणि आईच्या आजारपणांत अमेरिकेहून धांवत येणाऱ्या मुलीसही नाहीं. तें तासाभराच्या बैठकीसाठीं वारंवार उडणाऱ्यांस, आणि रात्रीची गाडी सोईची असतांही केवळ प्रतिष्ठेसाठीं विमान धरणाऱ्यांस आहे. दुसरा आक्षेप असा, कीं आपण एकटे न गेल्यानें विमान थांबतें काय? एका रिकाम्या आसनानें थांबत नाहीं खरें; पण आसनें भरतात म्हणूनच विमानें वाढतात. फ्रान्सनें २०२३ मध्यें, जेथें आगगाडीनें अडीच तासांच्या आंत जातां येतें अशा कांहीं मार्गांवरील विमानें कायद्यानें बंद केलीं. आमच्याकडे तसा कायदा नसला, तरी सुशिक्षित कुटुंबानें असा नियम स्वतःपुरता घालून घेण्यास कोणाची आडकाठी आहे?

इंधन बदलण्यापूर्वीं प्रवास तपासावा, हा क्रम आम्ही सुचवितों. जाणें खरोखर आवश्यक आहे काय, गाडीनें जमणार नाहीं काय, हे दोन प्रश्न आधीं; विमान त्यानंतर. ज्या प्रवासाचें कारण गंगाखेडच्या शेतकऱ्यास समोर बसवून सांगण्यास आपणांस संकोच वाटणार नाहीं, तो प्रवास खुशाल करावा.