लगतचे कब्जेदार

ग्लेन वेव्हर्लीत हल्ली कुणाच्याही हातात नकाशा आला की तो आधी आपलं घर शोधतो. मेलबर्नच्या आग्नेयेकडचं हे उपनगर १९३० पासून रेल्वेचं शेवटचं स्थानक आहे. आता चेल्टनहॅम ते बॉक्स हिल असा २६ किलोमीटरचा जुळा बोगदा इथून जायचा आहे, त्यावरच्या सहा स्थानकांपैकी एक इथे होणार आहे, आणि त्यासाठी काही मालमत्ता सरकारने ताब्यात घेतल्याही आहेत. नकाशावरची एक रेघ घरापर्यंत येऊन पोचू शकते, हे इथल्या लोकांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी घरातली सून स्थापत्य अभियंता. तिच्या कार्यालयाकडे जवळच्याच एका वसाहतीचं काम आलं होतं. मागच्या परसांमधून जाणारी पावसाच्या पाण्याची जुनी पाइपलाइन काढून जास्त व्यासाची नवी टाकायची. काम लहान, पण तिने ते मन लावून केलं होतं. त्रिमितीय मॉडेल तयार झालं तेव्हा वरिष्ठ म्हणाले, लोकांना आपली ड्रॉइंग वाचता येत नाहीत, गूगल अर्थवर टाकून लिंक पाठवा, ज्याला त्याला आपापल्या घरावर नेऊन बघता येईल.

विचार चांगलाच होता. कीहोल नावाची छोटी कंपनी २००४ मध्ये गूगलने घेतली आणि पुढच्याच वर्षी पृथ्वीचा गोल घरोघरच्या संगणकावर आला. त्या गोलावर काही ठेवायचं तर केएमएल नावाची फाइल लागते, आणि आजकाल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून ती काढणं चार बटणांचं काम असतं. खाली छपरं, झाडं, गाड्या, सगळं ओळखीचं. त्यावर आपलं मॉडेल. बघणाऱ्याला वाटतं, हे झालेलंच आहे. ही त्या माध्यमाची ताकद आहे, आणि माझ्या मते धोकाही नेमका तिथेच आहे.

त्या हिवाळ्यात तिचे सासरे, नाना, साताऱ्याहून आलेले होते. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी झालेली. प्लेन टेबल, शंकू, साखळी यांच्या संगतीत उभा जन्म गेला. तेहेतीस फूट साखळीचे सोळा आणे, तेहेतीस फूट चौरसाचा एक गुंठा, हे त्यांच्या बोटांवर. सकाळी फिरताना त्यांची मलेशियातून येऊन इथे स्थायिक झालेल्या एका चिनी आजोबांशी ओळख झाली होती. दोघांचं इंग्रजी बेताचं, पण आजोबांच्या परसात कढीपत्त्याचं झाड होतं. मेलबर्नच्या थंडीत कढीपत्ता जगवणं सोपं नाही. इथे ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून त्यांनी ते मागच्या, उत्तरेच्या कुंपणापासून चार पावलांवर लावलं होतं, आणि थंडीत रात्री त्यावर गोणपाट घालत असत. नानांना आठवड्याला दोन डहाळ्या मिळत.

एका शनिवारी नाना पिशवीभर कढीपत्ता घेऊन आले. डहाळ्या नव्हे, फांद्याच.

"नाना, एवढा? झाड ठेवलं की नाही त्यांनी?"

"छाटलंय. मुळाभोवती खणून ठेवलंय, कुंडीत हलवायचं म्हणून. पाइप तिथूनच जाणार आहे म्हणे. नातवाने टॅबवर दाखवलं."

तिने दचकून लॅपटॉप उघडला. "शक्यच नाही. पाइप इझमेंटमध्ये आहे. कुंपणालगतची आठ फुटांची पट्टी, ती निचऱ्यासाठीच राखलेली असते. झाड तिच्या बाहेर आहे."

पण गोलावर तेच छप्पर, तीच शेड आणि हिरव्यागार परसाच्या मधून गेलेला लालभडक जाड पाइप. बरोबर झाडावरून.

"हे नुसतं दिसायला असं आहे, नाना. पाइप जमिनीखाली दोन मीटर आहे. पण गूगल अर्थ जमिनीखालचं दाखवत नाही, म्हणून रेघ वर, जमिनीवर चिकटवावी लागते. आणि तीनशे मिलिमीटरची रेघ लांबून दिसणार नाही, म्हणून जाड केली. ड्रॉइंगमध्ये सगळं बरोबर आहे."

"ड्रॉइंग त्यांनी पाहिलंय का?"

ती गप्प बसली.

"त्यांनी जे पाहिलं त्यावर कुऱ्हाड चालवली. चल, टेप घे."

आजोबांच्या परसात जुन्या लाइनचं एक झाकण होतं. कुंपणापासून टेप लावला तर अंतर भरलं सव्वा मीटरच्या आतबाहेर. मॉडेलमध्ये तेच झाकण कुंपणापासून पावणेतीन मीटरवर दिसत होतं, दक्षिणेकडे. नानांनी तिला रस्त्यावर नेलं. कडेचा चेंबर पाहिला, तोही मॉडेलमध्ये दक्षिणेला सरकलेला. कोपऱ्यावरचा दुसरा चेंबर, तसाच. अंतरही जवळपास तेवढंच.

"एखादी खूण चुकली असती तर माणसाच्या हातून चुकली म्हटलं असतं," नाना म्हणाले. "सगळ्याच खुणा एका दिशेला, एका मापाने सरकल्या तर मोजणी बरोबर असते. जिथून सुरुवात केली तो दगडच हललेला असतो. आमच्याकडे मग पहिल्या दगडापाशी जावं लागतं."

ती कुंपणाला टेकून उभी राहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऑस्ट्रेलियाचा दगड खरोखरच हलतो. हा अख्खा खंड वर्षाला सुमारे सात सेंटीमीटर ईशान्येच्या बाजूला सरकतो आहे. मेलबर्नकडे त्यातला बराचसा भाग सरळ उत्तरेचा. म्हणून इथली मोजणी ज्या आधारावर चालते तो एकदा १९९४ सालच्या स्थितीला बांधला, आणि पुढे २०२० सालच्या स्थितीला पुन्हा बांधला. दोन्हींमधला फरक देशभर ढोबळमानाने १.८ मीटर धरतात. कामाची मूळ मोजणी जुनी, १९९४ च्या आधारावरची होती. एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअरने ते आकडे जसेच्या तसे जागतिक आकडे समजून घेतले. पूर्वी त्याने फारसं बिघडत नसे. आता आठ फुटांच्या पट्टीतला पाइप पट्टीबाहेर पडून एका म्हाताऱ्याच्या झाडावर गेला होता.

खालची छायाचित्रंही आपापल्या परीने इकडेतिकडे सरकलेली असतात, हेही तिला ठाऊक होतं. गोलावर दिसलेलं अंतर म्हणजे मोजलेलं अंतर, असं कुणीच समजू नये. पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिंकच्या वर वसाहतीचं नाव होतं आणि खाली पाण्याच्या निचऱ्याबद्दल दोन ओळी.

परत येताना नानांनी विचारलं, "लगतच्या कब्जेदारांना नोटीस कशी दिली होतीत?"

"लिंक पाठवली ना."

"ती झाली माहिती. आमच्याकडे मोजणीची तारीख पडली की शेजारच्या गटवाल्यांना नोटीस जायची. ते बांधावर यायचे. भांडायचे, आरडाओरडा करायचे, पण यायचे. त्यांच्यासमोर साखळी धरायची. अगं, माणूस समोर उभा असला की मोजणाऱ्याचा हात सैल पडत नाही."

मग त्यांनी मुंबईची आठवण काढली. २०१५ च्या फेब्रुवारीत शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो मागे घ्यायला लावला. "तिथे आराखडा बदलला," नाना म्हणाले, "पण मधल्या दोन महिन्यांत ज्याच्या घरावर रस्ता दिसला, त्याची झोप कुणी परत दिली?"

त्याच दुपारी तिने वरिष्ठांना फोन करून लिंक बंद करायला लावली. सोमवारपर्यंत थांबू, एवढी काय घाई, असं ते म्हणाले. तेव्हा तिने छाटलेल्या झाडाचा फोटो पाठवला. संध्याकाळपर्यंत लिंक बंद झाली. मला या सगळ्यात तिची हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. दुरुस्ती करून शांतपणे नवी फाइल त्याच जागी ठेवता आली असती. कुणाला कळलंही नसतं, आजोबा मात्र कुंडीतल्या झाडाशेजारी बसून राहिले असते.

रविवारी ती आजोबांकडे गेली. त्यांच्या मुलाला दुभाषी करून तिने सगळं सांगितलं, माफी मागितली, कुंपणापासून टेपने अंतर मोजून पट्टीची हद्द खुंट्या ठोकून दाखवली. खणलेल्या मुळांवर नानांनी आणि आजोबांनी मिळून माती ओढली. झाड जगेल की नाही, हे वसंतापर्यंत सांगता येणार नाही, असं आजोबा म्हणाले. रागावून नव्हे, झाडं लावणारा माणूस जसं सांगतो तसं.

नवी प्रत काढताना तिने आधी आकडे २०२० च्या आधारावर रूपांतरित करून घेतले आणि रस्त्यावरच्या दोन चेंबरांशी ताडून पाहिले. पाइपची रेघ बारीक केली. तिच्याभोवती इझमेंटची पट्टी फिकट रंगात दाखवली, कारण लोकांना हवी असते ती हद्द. उघडताक्षणी दिसेल अशा ठिकाणी लिहिलं: पाइप जमिनीखाली आहे, इथे फक्त जागा दिसावी म्हणून वर काढला आहे; चित्रावरून अंतर मोजू नका; मोजून हवं असेल तर आम्ही येतो. खाली दूरध्वनी क्रमांक.

आणि लिंक पाठवण्याआधी ती त्या रांगेतल्या प्रत्येक दारी गेली. बहुतेकांनी पाच मिनिटांत निरोप दिला. शेवटून दुसऱ्या घरातल्या बाईंनी मात्र तिला परसात नेलं आणि शेडच्या लाकडी फळ्या पायाने वाजवून दाखवल्या. शेड बांधली तेव्हा खाली एक झाकण होतं, त्यांनी सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांनी त्यावरच फळ्या ठोकल्या. जुन्या मोजणीत ते झाकण नव्हतं, मॉडेलमध्येही नव्हतं. तिने फळीच्या फटीतून विजेरीचा झोत टाकला, काँक्रीटची कड दिसली. तिथेच उभ्याउभ्या तिने टॅबवर त्या जागी तुटक रेघेचं वर्तुळ काढलं आणि शेजारी लिहिलं: रहिवाशांनी सांगितले, मोजणी बाकी.