नवशिक्याचा धर्म

हौसेला मोल नाहीं, असें आपण म्हणतों. आणि असें म्हणतांना आपल्या मनांत हौसेविषयीं कौतुक अधिक असतें कीं उपहास अधिक असतो, हें सांगणें कठीण आहे. पोटासाठीं केलेल्या उद्योगास आपण प्रतिष्ठा देतों, धर्मासाठीं सोसलेल्या कष्टांस पुण्य मानतों. परंतु ज्या खटाटोपांतून पैसा मिळत नाहीं, पुण्य पदरीं पडत नाहीं, उलट खर्च निश्चित व थोडा धोकाही संभवतो, तो एखाद्या जाणत्या, संसारी माणसानें करावा कीं नाहीं, असा प्रश्न निघाला म्हणजे आपण तो हंसण्यावारीं नेतों. प्रस्तुत लेखांत तो हंसण्यावारीं न नेतां एका उदाहरणाच्या आधारें त्याचा विचार करण्याचें योजिलें आहे. उदाहरण आहे मोटारींच्या ‘ऑटोक्रॉस’ नांवाच्या हौशी शर्यतीचें; आणि त्यांतही त्या शर्यतींत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या नवशिक्याचें.

शर्यत म्हटली कीं एकमेकींस खेटून धांवणाऱ्या गाड्या, उडालेली धूळ आणि जीव मुठींत धरून बसलेले प्रेक्षक असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. अमेरिकेंत रूढ असलेल्या ऑटोक्रॉसमध्यें यांतलें जवळजवळ कांहींच नसतें. एखादें विस्तीर्ण फरसबंद पटांगण घ्यावयाचें. तें बहुधा मोटारी उभ्या करण्याची रिकामी जागा असते, किंवा वापरांत नसलेली विमानांची धांवपट्टी. त्यावर नारिंगी रंगाचे लवचिक शंकू मांडून नागमोडी वाट आंखावयाची, आणि त्या वाटेनें गाड्या अंतरा-अंतरानें, एकेक करून सोडावयाच्या. स्पर्धा गाडीची गाडीशीं नसते, घड्याळाशीं असते. एक फेरी मिनिटाच्या आंतबाहेर संपते. दिवसाकाठीं अशा तीनचार, फार तर पांचसहा फेऱ्या वांट्यास येतात. वेग म्हणाल तर हमरस्त्यावरील नेहमींच्या वेगाहून सहसा अधिक नसतो. खरी कसोटी वळणांची असते. १९४४ सालीं स्थापन झालेल्या ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेनें हा खेळ ‘सोलो’ या नांवानें वाढविला, १९७३ पासून त्याच्या राष्ट्रीय स्पर्धा भरविल्या, आणि २००९ पासून कित्येक वर्षें नेब्रास्का राज्यांतील लिंकन शहरीं त्या स्पर्धांस हजाराहून अधिक हौशी मंडळी जमत आली. इंग्लंडांत ऑटोक्रॉस हेंच नांव गवताच्या वा मातीच्या मैदानावरील शर्यतीस आहे. पण येथें जो विचार करावयाचा तो अमेरिकन प्रकाराचा.

या खेळाचें दार नवख्यास सताड उघडें असतें. त्यासाठीं खास गाडी लागत नाहीं. ज्या गाडींतून मुलांना शाळेंत सोडावें आणि भाजी आणावी तीच चालते. सकाळीं तपासणी होते: चाकांच्या चक्क्या घट्ट आहेत ना, बॅटरी जागच्या जागीं पक्की बसविली आहे ना, ब्रेक लागतात ना, आणि गाडींत घरंगळण्यासारखी एखादी बाटली वा छत्री राहिली नाहीं ना. मान्य प्रतीचें शिरस्त्राण लागतें. तें जवळ नसल्यास पुष्कळ ठिकाणीं उसनें मिळतें. नंतर सर्व स्पर्धक ती वाट पायीं चालून पाहतात, एकदां नव्हे, दोनतीनदां. जी वाट पन्नास सेकंदांत मागें टाकावयाची ती आधीं सावकाश पायांखालीं घालावयाची! एवढें करूनही पहिल्या फेरींत नवशिका बहुधा वाट चुकतो. चालतांना सरळ वाटलेली शंकूंची रांग गाडींतून पाहतांना नारिंगी ठिपक्यांचें रान होते. आणि वाट चुकली कीं ती फेरी हिशेबांत धरीत नाहींत. पाडलेल्या वा जागेवरून हालविलेल्या दर शंकूमागें २ सेकंदांचा दंड असतो. आणि चांगल्या स्पर्धकांमधील अंतर पुष्कळदां सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतें, हें ध्यानांत घेतां हा दंड लहान नव्हे.

आतां प्रश्न असा कीं, पन्नाशीच्या आसपास आलेल्या, चार लोकांत मान असलेल्या माणसानें अशा ठिकाणीं जाऊन शेवटचा नंबर कां पत्करावा? प्रौढ वय आपल्याला पुष्कळ गोष्टी देतें, पण एक गोष्ट नकळत हिरावून घेतें. ती म्हणजे चारचौघांत अज्ञानी असण्याची संवय. आपापल्या व्यवसायांत आपण आपलें अपयश झांकण्याची कला हळूहळू साध्य केलेली असते. अध्यापकास विद्यार्थ्यांच्या मंदपणाचा आधार असतो, अधिकाऱ्यास दप्तराचा, वकिलास न्यायाधीशाच्या लहरीचा. ज्याला वीस वर्षांत कोणी चूक दाखविली नाहीं, तो आपण चुकत नाहीं असें मानूं लागतो. आणि येथूनच त्याच्या बुद्धीला गंज चढतो. सेकंदाचा हजारावा भाग मोजणाऱ्या घड्याळास हुद्दा कळत नाहीं, पदवी वाचतां येत नाहीं, पांढऱ्या केसांची भीड वाटत नाहीं. वीस वर्षांची पोरगी तशाच गाडींतून आपल्याहून दहा सेकंद आधीं पोहोंचली, तर तो आंकडा सर्वांदेखत ध्वनिक्षेपकावरून सांगितला जातो. स्वतःविषयीं इतकें स्पष्ट सत्य ऐकण्याचे प्रसंग प्रौढ माणसाच्या आयुष्यांत फार थोडे येतात.

अर्थात् सत्य कानीं पडलें म्हणजे तें मनांत उतरतेंच असें नाहीं. नवशिक्याच्या मनांत पहिली सबब येते ती गाडीची. ‘टायर साधे आहेत, इंजिन अशक्त आहे, नाहीं तर...’ येथें बाजार त्याच्या मदतीस तत्पर असतो. जुने जाणते मात्र नवख्यास सांगतात, पहिल्या हंगामांत गाडीवर पैसा खर्चूं नका, तो फेऱ्यांवर खर्चा. याचें कारण केवळ काटकसर नव्हे. साधे टायर घसरण्यापूर्वीं कुरकुरतात, चालकास आधीं सूचना देतात. भारी टायर पुष्कळ काळ चुका पोटांत घालतात आणि मग एकाएकीं हात सोडतात. शिवाय गाड्यांचे त्यांच्या सामर्थ्याप्रमाणें वर्ग पाडलेले असतात, आणि निरनिराळ्या वर्गांची तुलना करतांना वेळेला ठराविक गुणकानें गुणतात. म्हणजे तेथेंही सबब उरत नाहीं. आणि एवढ्यानेंही जो समजत नाहीं त्याच्यासाठीं शेवटचा उपाय असतो: एखादा अनुभवी मार्गदर्शक त्याच्या परवानगीनें त्याचीच गाडी त्याच वाटेवरून नेऊन दाखवितो, आणि घड्याळ कित्येक सेकंद कमी दाखवितें. गाडी तीच, टायर तेच, वाट तीच; बदलला तो फक्त हांकणारा. कठोपनिषदांत शरीरास रथ, बुद्धीस सारथी आणि इंद्रियांस घोडे कल्पिलें आहे. त्या रूपकाचा अर्थ पाठांतरानें जितका कळत नाहीं, तितका शेजारच्या आसनावर बसून आपल्याच रथाची दुसऱ्याच्या हातची चाल पाहतांना कळतो.

मग हा सारथी वेगळें काय करतो? नवशिका जवळच्या शंकूकडे पाहतो, आणि नेमका तोच पाडतो. कारण नजर जाते तिकडे हात जातात. जाणता पुढच्या पुढच्या शंकूकडे पाहतो. दुसरी गोष्ट अशी कीं, टायरची जमिनीवरील पकड ही महिन्याच्या पगारासारखी ठराविक असते. ती सगळी ब्रेकवर खर्चली तर वळण्यासाठीं कांहीं शिल्लक राहत नाहीं, सगळी वळण्यावर खर्चली तर थांबण्यासाठीं राहत नाहीं. नवशिका उशीरां ब्रेक दाबतो, त्याच क्षणीं चाक फिरवितो, टायर किंचाळतात, आणि आपण फार वेगानें गेलों असें त्याला वाटतें. जाणता सरळ वाटेवरच वेग कमी करून शांतपणें वळतो आणि वळण संपतांना वेग वाढवितो. पाहणारास तो संथ वाटतो. घड्याळास वाटत नाहीं. सद्गुण ऐकून येत नाहींत, आचरून येतात. गवंडी घरें बांधूनच गवंडी होतो, असें ॲरिस्टॉटलनें प्रतिपादिलें आहे. संयमाची महती आपण लहानपणापासून ऐकतों. पण संयम ही वेगाविरुद्ध असलेली वस्तु नसून वेगाचेंच एक अंग आहे, हें ऐकून पटत नाहीं, हातांनीं शिकावें लागतें.

परंतु नीतीच्या दृष्टीनें या खेळांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट गाडींत नाहीं, गाडीबाहेर आहे. प्रत्येक स्पर्धकानें आपली पाळी नसतांना मैदानांत उभें राहून दुसऱ्यांचे पडलेले शंकू उचलावे, असा दंडक आहे. लक्षाधीश असो वा विद्यार्थी, ऊन असो वा पाऊस, त्याला धांवत जाऊन शंकू पुन्हां जागेवर ठेवावा लागतो आणि दंडाची वर्दी द्यावी लागते. शंकूच्या बुडाभोंवतीं खडूची चौकट आंखलेली असते. शंकू उभा असून थोडा तरी चौकटींत असला तर दंड नाहीं, आडवा पडला किंवा पूर्ण बाहेर गेला तर दंड. हा निर्णय देणारा स्वतःही स्पर्धक असतो. एका वर्गाच्या गाड्या सहसा एकाच पाळींत धांवतात, त्यामुळें थेट प्रतिस्पर्ध्याचा न्याय करण्याचा प्रसंग टळतो. तरी दिवसअखेरच्या एकंदर यादींत तो आणि हा शेजारीशेजारी येऊं शकतात. तेव्हां खडूच्या रेघेवर टेकलेल्या शंकूकडे पाहून खरें बोलणें, ही लहानशी का होईना, पण खरीखुरी परीक्षा आहे.

स्पर्धेवर नेहमींचा आक्षेप असा कीं, ती माणसास दुसऱ्याच्या हानींत स्वतःचा लाभ पाहावयास शिकविते. आक्षेप खोटा नाहीं. पण तो स्पर्धा आणि वैर यांतील भेद विसरतो. वैरी मापच बिघडवूं पाहतो. स्पर्धक दुसऱ्यापुढें जाऊं इच्छितो, तरी माप दोघांचें एकच राहावें अशी त्याची इच्छा असते. पाडलेला शंकू कोणी उचललाच नाहीं तर मागून येणाऱ्याची वेळ निरर्थक होते, आणि त्याची वेळ निरर्थक झाली म्हणजे माझीही होते. म्हणून त्याचा शंकू उचलणें हें परोपकाराचें कृत्य नव्हे. माझ्या स्वतःच्या यशाला अर्थ राहावा एवढ्यासाठीं तें अवश्य आहे. ज्या स्पर्धेंत स्पर्धकच मापाची राखण करतात ती माणसें बिघडवीत नाहीं, अशी निदान आशा करण्यास जागा आहे.

तथापि याहून गंभीर आक्षेप निराळा आहे. वेगाची गोडी लावणें हेंच मुळांत पाप नव्हे काय? भारतांत २०२२ या एका सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांतील निम्म्याहून पुष्कळ अधिक मृत्यूंचें कारण अतिवेग असें नोंदलेलें आहे. या आंकड्यापुढें हौसेचें समर्थन करणारानें क्षणभर तरी गप्प बसलें पाहिजे. उत्तर असेल तर तें संमतीच्या तत्त्वांत आहे. बंदिस्त पटांगणांत जो धोका आहे तो पत्करणाराचा, आणि तोही तपासणीनें व मोकळ्या अंतरानें कमी केलेला. रस्त्यावर वेगानें जाणारा जो धोका उत्पन्न करतो तो पायीं चालणाऱ्या म्हातारीवर, सायकलीवरच्या मुलावर लादलेला असतो. त्यांची संमति कोणी विचारलेली नसते. एकच वेग एका जागीं खेळ ठरतो आणि दुसऱ्या जागीं अपराध. परंतु हा भेद प्रत्येक नवशिक्याला कळेलच, अशी हमी हा खेळ देऊं शकत नाहीं. शंकू पाडून एकजण शिकतो कीं आपल्या हातीं फार थोडें आहे. दुसरा तेवढ्यानेंच शिकतो कीं आपण आतां तरबेज झालों. दुसऱ्या माणसानें घरीं बसणें सर्वांच्या हिताचें. कौशल्य विनयाकडेही नेतें आणि उन्मादाकडेही. वाट निवडणें हें माणसाकडेच राहतें.

राहिला खर्चाचा प्रश्न. पेट्रोल जळतें, टायर झिजतात, रविवार जातो. फेऱ्यांपेक्षां मैदानापर्यंतच्या प्रवासांतच बहुधा पेट्रोल अधिक जळतें, असें उत्तर देतां येईल, पण तें उत्तर आक्षेप कमी करतें, नाहींसा करीत नाहीं. हौस हा हक्क नव्हे. मुलांची फी, आईबापांचें औषध आणि देणेकऱ्याचें देणें यांच्या मागाहूनच तिचा नंबर लागतो. ज्याच्या घरीं यांतलें कांहीं थकलें आहे त्याची हौस ही चैन नसून अन्याय आहे. पण हीं देणीं फेडून ज्याच्यापाशीं थोडा पैसा आणि थोडें धैर्य उरतें, त्यानें तें केवळ सुखासीनतेंत घालवावें, हाही कांहीं धर्म नव्हे. ऑटोक्रॉसच कशाला? कोणी साठाव्या वर्षीं पोहावयास शिकेल, कोणी तबला शिकेल. आपण मुलांना सदैव सांगतों कीं चुकण्यास भिऊं नका. आणि तीं पाहतात तों आईबाप जें उत्तम येतें तेवढेंच त्यांच्यादेखत करतात. मुलें उपदेशापेक्षां उदाहरणावर अधिक विश्वास ठेवतात. यादीच्या तळाशीं असलेलें आपलें नांव मुलांसमोर मोठ्यानें वाचून, पुढच्या खेपेस पुन्हां जाणारा बाप किंवा आई त्यांना जें शिकवील, तें आमच्या वर्गांतून शिकवितां येत नाहीं.