शिष्यवृत्ती कोणाच्या हक्काची?



जून महिना आला की आपल्या धर्मग्रामात निकालांची चर्चा सुरू होते. कोणाला किती टक्के मिळाले, सीईटीत किती पर्सेंटाइल आले, कोणाचा नंबर कुठल्या कॉलेजात लागला, हे सारे मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारातच कळते. पाठोपाठ शिक्षणाच्या मदतीसाठी अर्ज येऊ लागतात. विज्ञान आणि इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्या मुलांचे अर्ज त्यांत अधिक असतात, कारण तिथला खर्चही अधिक. हे अर्ज घेऊन बसणाऱ्या आम्हा चार-पाच जणांपुढे दर वर्षी एकच प्रश्न उभा राहतो. शिष्यवृत्ती हे हुशारीचे बक्षीस आहे की गरजेला दिलेला हात?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शिष्यवृत्ती एक होती आणि अर्ज दोन उरले होते. पहिला अर्ज एका मुलाचा. बारावीला ९४ टक्के, आईवडील दोघेही नोकरीला, अकरावीपासून चांगला क्लास. दुसरा अर्ज एका मुलीचा. तिला ७९ टक्के होते. वडील अंथरुणाला खिळलेले. आई पहाटेच्या गाडीने फुलांच्या पाट्या घेऊन मुंबईला जाणारी. सकाळचा स्वयंपाक, वडिलांचे औषधपाणी आणि धाकट्या भावाची शाळा हे सगळे त्या मुलीकडे. क्लास नाही. तरीही तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता.

आमच्या नियमात लिहिले होते, ‘सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास.’ आम्ही नियम पाळला. मुलाला व्यासपीठावर बोलावले, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. त्याचे कौतुक खोटे नव्हते. त्याने मेहनत केलीच होती. मुलीने मात्र तो प्रवेश सोडला, सकाळच्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातले आणि दुपारी एका दुकानात हिशेब लिहू लागली. तिने कधी तक्रार केली नाही. आजही रविवारी भेटते, हसून विचारपूस करते. तिच्या त्या हसण्याने आम्ही अस्वस्थ होतो. आमच्यापैकी कोणीही लबाडी केली नव्हती, वशिला चालवला नव्हता. मग आपल्या हातून काहीतरी चुकले असे का वाटावे?

आम्हांला वाटते, चूक गुणांकडे पाहण्याच्या आपल्या सवयीत आहे. गुण खोटे नसतात, पण ते सगळे सांगत नाहीत. मुलगा कुठवर पोहोचला हे गुणपत्रिकेवर दिसते. तो कुठून निघाला आणि डोक्यावर किती ओझे घेऊन चालला, हे तिथे दिसत नाही. मोकळ्या हाताने टेकडी चढलेला आणि पाण्याची कळशी घेऊन अर्ध्या टेकडीपर्यंत आलेला, या दोघांत दमदार कोण हे नुसती उंची मोजून ठरत नाही.

मोठमोठ्या विद्यापीठांचीही अशी फसगत झालेली आहे. श्रीनिवास रामानुजन १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाले. गणितात बुडालेला हा मुलगा इतर विषयांत मागे पडला आणि शिष्यवृत्ती गेली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. पुढे १९१३ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली, तेव्हा त्यांच्या हाती पदवी नव्हती. दुसरे उदाहरण अर्नेस्ट रदरफोर्ड यांचे. १८९५ साली न्यूझीलंडमधील एका विद्यार्थ्याला इंग्लंडला पाठवायचे होते. शिष्यवृत्तीसाठी आधी निवड झाली ती मॅक्लॉरिन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची. त्याने ती घेतली नाही, म्हणून रदरफोर्डना मिळाली. अणूच्या पोटात केंद्रक असते हे १९११ साली जगाला सांगणारा माणूस यादीत दुसरा होता. यादी करणारे मूर्ख नव्हते. माणसाच्या आत काय दडले आहे, हे यादीला पुरते कधीच कळत नाही, एवढाच याचा अर्थ.

यावर एक रास्त आक्षेप येतो. समितीतील एका ज्येष्ठ सभासदाने तो आमच्यापुढे मांडला होता. ते म्हणाले, “नुसती गरज पाहून पैसे दिलेत आणि मूल पहिल्याच वर्षी गणितात, फिजिक्समध्ये अडकले, तर? पैसे जातील, वर्ष जाईल आणि मुलाचा आत्मविश्वासही जाईल. ही कसली दया?” त्यांचे म्हणणे आम्ही झटकून टाकू शकलो नाही. इंजिनिअरिंगचा अभ्यास अवघड असतो. पूल बांधणाऱ्याला आणि यंत्र चालवणाऱ्याला त्याचा विषय आलाच पाहिजे. तिथे कीव उपयोगाची नाही.

या आक्षेपावर विचार करताना आम्हांला एक वाट दिसली. गुणांना आपण शर्यत मानतो, त्याऐवजी उंबरठा मानावे. हे मूल हा अभ्यास पेलू शकेल का, एवढेच गुणांना विचारावे. उत्तर ‘हो’ आले की उंबरठा ओलांडला. त्यानंतर ७९ मोठे की ९४, हा प्रश्न संपला. आता दुसरा प्रश्न विचारायचा: ही मदत मिळाली नाही, तर कोणाचे शिक्षण थांबेल? त्या वर्षी आम्ही हा प्रश्न विचारला असता, तर उत्तर समोरच होते. मदत मिळाली नसती तरी तो मुलगा शिकणारच होता. ती मुलगी मात्र थांबली.

मग पहिल्या आलेल्याचा मान? तो जरूर द्यावा. मोठ्याने टाळ्या वाजवाव्यात, पदक द्यावे, फादरांच्या हस्ते सत्कार करावा. पण मान आणि पैसा यांची गाठ सोडावी. मान ज्याने कमावला त्याला आणि पैसा ज्याचे त्यावाचून अडले त्याला. मान मिळाल्यावर पैसा दुसऱ्याकडे गेला म्हणून कोणाचे काही कमी होत नाही. उलट आपल्या मुलांना लहान वयातच कळेल की हुशारीची किंमत नेहमी नोटांत मोजायची नसते.

कधी कधी गुण आणि गरज एकाच घरात नांदतात. गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर सहा वर्षांचे असताना वडील वारले. आईने मुंबईत मिळेल ते काम करून त्यांना वाढवले. माध्यमिक शाळेच्या प्रवेशासाठी लागणारे २१ रुपये जमवायला २१ दिवस लागले, असे ते स्वतः सांगत आले आहेत. १९६० साली शालान्त परीक्षेत ते राज्यात अकरावे आले, तरीही शिक्षण सोडायची पाळी आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते केमिकल इंजिनिअर झाले. पुढे देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे ते महासंचालक होते. साठ रुपयांनी त्यांना बुद्धी दिली नाही, ती त्यांच्याकडे होतीच. साठ रुपयांनी दार उघडे ठेवले.

आता घेणाऱ्याकडे वळू. शिष्यवृत्ती मिळाली की आपण म्हणतो, “माझ्या मेहनतीचे फळ.” ते अर्धे खरे. जमशेदजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. शिकून आलेल्याने पैसे परत करायचे आणि त्यांतून पुढचा जायचा. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर याच शिष्यवृत्तीवर १९५७ साली केंब्रिजला गेले. या पद्धतीत घेणाऱ्याची मान खाली जात नाही, कारण तो भिकारी नसतो, साखळीतली एक कडी असतो.

रामानुजन यांनी तर कोणी न मागता हे केले. जानेवारी १९१९ मध्ये, इंग्लंडात आजारी असताना, मद्रास विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५० पौंड मंजूर केल्याचे कळले. त्यांनी उत्तरात कळवले की ही रक्कम आपल्या गरजेपेक्षा फार जास्त आहे. आईवडिलांना ५० पौंड द्यावेत आणि आपला आवश्यक खर्च भागल्यावर उरलेले पैसे गरीब व अनाथ मुलांच्या फीसाठी आणि शाळांतील पुस्तकांसाठी वापरावेत. १९२० साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते गेले. ज्याची शिष्यवृत्ती एकदा हिरावली गेली होती, त्याला फीसाठी अडलेल्या मुलाची आठवण राहिली.

आज मार्ग पूर्वीपेक्षा अधिक आहेत. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. पण शुल्क माफ झाले तरी गाडीचा पास, लॅपटॉप, पुस्तके आणि वसतिगृह राहतेच. उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढायला मदत करणारे माणूसही लागते. ज्या घरात कोणी कॉलेज पाहिलेले नाही, तिथे अर्ज भरणे हीच पहिली परीक्षा असते.

यंदा आम्ही आमचा नियम बदलण्याचे ठरवत आहोत. गुणांचा उंबरठा राहील, त्यापुढे गरज पाहिली जाईल. अर्जदाराच्या घरी दोघे जण जाऊन बसतील, चहा घेतील, विचारपूस करतील. नोकरीला लागल्यावर जमेल तसे परत करावे, अशी विनंती असेल, सक्ती नसेल.

तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे. जे अर्ज आले ते आम्ही वाचू. पण आपल्या आळीत, शेजारच्या वाडीत असे एखादे मूल असेल जे संकोचाने अर्जच करणार नाही. “आपल्याला कोण देणार?” असे त्याने आधीच ठरवून टाकलेले असेल. त्याच्या घरी आम्ही पोहोचण्याआधी तुम्ही पोहोचा. त्या मुलीचा प्रवेश आता परत आणता येणार नाही. पुढच्या मुलीचा वाचवता येईल.