जाकिटाचा खिसा

‘गाडीची झडती का घेतलीत?’ अ‍ॅरिझोनातल्या एका न्यायालयात पोलिसाला हा प्रश्न विचारला गेला. कायदा घेऊ देतो म्हणून, अशा अर्थाचं त्याचं उत्तर होतं. जिवाला धोका वाटला, असं तो म्हणाला नाही. पुरावा नाहीसा होईल अशी भीती होती, असंही नाही. सबब सांगणं सोपं होतं, पण तो खरं बोलला. त्याचा मला राग येत नाही. अधिकाराचं कारण विसरलं गेलं की अधिकार कसा उरतो, हे त्याच्या उत्तराइतकं स्वच्छ मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

प्रसंग ऑगस्ट १९९९ मधला, टुसॉन शहरातला. परवाना निलंबित असताना एक माणूस गाडी चालवत आला, उतरला, दार लावलं आणि दहा-बारा फूट चालत गेला. तिथेच त्याला अटक झाली. हातात बेड्या पडल्या आणि पोलिसांच्या गाडीत बसवून दार बंद केलं गेलं. त्याच ठिकाणी त्याच्याआधी पकडलेले दोघेही असेच वेगवेगळ्या गाड्यांत बंद होते, आणि पोलीस होते पाच. मग त्याच्या गाडीची झडती झाली. एक पिस्तूल मिळालं, आणि मागच्या सीटवरच्या जाकिटाच्या खिशात कोकेनची पुडी. पण परवाना निलंबित असल्याचा कोणता पुरावा त्या जाकिटात सापडणार होता?

अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती १७९१ची. अवाजवी झडतीपासून माणसाला आणि त्याच्या चीजवस्तूंना ती संरक्षण देते. झडतीला एरवी वॉरंट लागतं. अटक हा त्याला अपवाद. या अपवादाची मर्यादा १९६९ साली चिमेल खटल्यात आखली गेली. नाण्यांच्या दुकानातल्या चोरीच्या संशयावरून एकाला त्याच्या घरी अटक झाली होती आणि पोलिसांनी पोटमाळ्यापासून गॅरेजपर्यंत सगळं घर उलथंपालथं केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की झडती अटक झालेल्याच्या अंगाची आणि त्याचा हात पोचेल तेवढ्या जागेची. हत्यार उचलता येऊ नये, पुरावा नष्ट करता येऊ नये, एवढंच तिचं कारण. हा निकाल न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी लिहिला.

बारा वर्षांनी, १९८१ साली, बेल्टन खटल्याचा निकालही त्यांनीच लिहिला. न्यूयॉर्क राज्यातल्या महामार्गावर एका एकट्या पोलिसाने भरधाव गाडी थांबवली. आत चौघे जण आणि गांजाचा वास. त्याने चौघांना उतरवून एकमेकांपासून दूर उभं केलं आणि गाडी तपासली. तिथेही जाकीटच होतं, तिथेही खिशात कोकेनच. रस्त्यावर उभ्या पोलिसाला हातभर अंतराचं गणित मांडायला सांगू नये, त्याला सोपा नियम द्यावा, असा न्यायालयाचा विचार होता. म्हणून ठरलं की गाडीत बसलेल्याला अटक झाली तर प्रवाशांची सगळी जागा हाताच्या अंतरातली धरावी.

एकटा पोलीस आणि चौघे संशयित डोळ्यांपुढे आणले की हा नियम पटतो. पण नियम सोपा असला की तो प्रसंगाला सोडून चालू लागतो. संशयिताला आधीच बेड्या घालून पोलिसांच्या गाडीत बसवलं असतं तरी या तर्काने निकाल हाच लागला असता, असं न्यायमूर्ती ब्रेनन यांनी असहमतीत तेव्हाच लिहून ठेवलं होतं. अनेक न्यायालयांनी पुढे तेच केलं. भरीला २००१ साली दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सीटबेल्ट न लावण्यासारख्या, केवळ दंडाच्या गुन्ह्यासाठीही पोलीस अटक करू शकतात. दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहा. एका न लावलेल्या पट्ट्यापायी माणसाची पिशवी, औषधं, पत्रं, सगळं उघडं.

टुसॉनचा खटला ‘अ‍ॅरिझोना विरुद्ध गँट’ या नावाने २१ एप्रिल २००९ रोजी निकाली निघाला, पाच विरुद्ध चार मतांनी. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलं की झडतीच्या वेळी अटक झालेल्याचा हात गाडीत पोचू शकत असेल, किंवा ज्या गुन्ह्यासाठी अटक झाली त्याचाच पुरावा गाडीत असेल असं मानायला जागा असेल, तरच या अपवादाचा आधार घेता येईल. न्यायमूर्ती स्कालिया आणि गिन्सबर्ग त्यांच्या बाजूला, ब्रेयर असहमती लिहिणाऱ्या अलिटोंच्या बाजूला, अशी ती विभागणी होती. डावे-उजवे असा हिशेब इथे जुळत नाही. अठ्ठावीस वर्षं पोलिसांना ज्या नियमावर घडवलं तो असा मोडू नये, हा अलिटोंचा मुद्दा मी हलका मानत नाही. तरी एखादी पद्धत अंगवळणी पडली म्हणून नागरिकाचा हक्क कमी होतो, हे मला मान्य नाही.

खरी अडचण वेगळी आहे. कोकेन खरं होतं, आणि तरीही तो पुरावा बाद झाला. आपल्याकडे १९७३च्या पूरणमल निकालापासून वाट उलटी आहे. झडती बेकायदा असली तरी सापडलेला मुद्देमाल संबद्ध असेल तर तेवढ्यावरून तो बाद होत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ५० राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क देतं, पण तो अंगझडतीपुरता. हातातली पिशवीसुद्धा त्यात येत नाही, असं २००५ साली ठरलं. मग गाडी कुठली येणार! नाकाबंदीत ‘डिकी उघडा’ म्हटलं की आपण उघडतो. कशासाठी, हे विचारायचं सुचतही नाही.

मला अमेरिकेची वाट अवघड पण बरोबर वाटते. न्यायालयापर्यंत पोचतो तो ज्याच्या गाडीत काही सापडलं तो माणूस. ज्यांच्या गाडीत काहीच सापडलं नाही त्यांचा खटला बहुधा उभाच राहत नाही. सीट पूर्ववत करून, विखुरलेले कागद गोळा करून ते निघून जातात. त्यांची बाजू कुणी मांडायची झाली तर ती त्या पुडीवाल्याच्या खटल्यातच मांडली जाते.

गँटनंतरही एक दार उघडं राहिलं आहे. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या गाडीतल्या वस्तूंची ठरलेल्या पद्धतीने यादी करायला १९७६च्या ओपरमन निकालाने मुभा दिली. पार्किंगचे नियम मोडल्याबद्दल उचललेली ती गाडी होती. यादी करताना ग्लोव्ह कम्पार्टमेंटमध्ये गांजा निघाला. म्हणजे प्रश्न एक पायरी मागे सरकतो. चालकाला अटक झाली हे ठीक. पण गाडी उचलायची गरज होती का?