वाळूचा ठराव वाचायला घेण्याआधी

चि. ताईस,


तुझं पत्र पोचलं. सरपंच झाल्यावरची तुझी ही पहिली मोठी ग्रामसभा आणि तिच्यापुढे विषय वाळूघाटाचा. घाट लिलावाला देण्याचा ठराव आधीच लिहून तयार आहे, उपसरपंच म्हणतात ‘तुम्ही फक्त सही करा’, नदीकाठचे शेतकरी घरी येऊन सांगून गेलेत की घाट दिला तर आमच्या काठच्या मळ्या जातील, आणि ट्रॅक्टरवाली पोरं म्हणतात की घाट अडवला तर हप्ते कसे फेडायचे. मामा, मी काय करू, असं तू विचारतेस. माझं म्हणणं आधीच सांगतो. या सभेत होही म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. नदीत वाळू किती उरली आहे आणि त्या वाळूत गावाचं पाणी किती आहे, हे आधी गावाला दाखव. तोवर विषय पुढच्या सभेवर ठेव. तो अधिकार सभेला आहे आणि सभेची अध्यक्ष तू आहेस.

माझी सगळी नोकरी विहिरींची पाणीपातळी मोजण्यात गेली, म्हणून पाण्यापासून सुरुवात करतो. आपला मराठवाडा काळ्या पाषाणावर बसलेला आहे. या खडकात पाणी धरायला जागा फार थोडी, शंभर भागांत एक ते तीन भाग. नदीच्या वाळूचं तसं नाही. दाण्यादाण्यांच्या मधल्या पोकळीतून उपसता येईल असं पाणी शंभरात वीस भाग तरी असतं. आता हिशेब कर. एक किलोमीटर लांब, दोनशे मीटर रुंद आणि दोन मीटर जाड वाळूचा पट्टा धर. त्यात चार लाख घनमीटर वाळू होते आणि तिच्यात आठ कोटी लिटर पाणी मावतं. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब धरलाय. तीन हजार वस्तीच्या गावाला त्या मापाने हे पाणी सव्वा वर्षाहून जास्त पुरेल. सगळं काही हाती लागत नाही, काही उन्हाने जातं, काही खाली सरकतं. पण अर्धं धरलं तरी एक अख्खा उन्हाळा निघतो आणि वर उरतं. हा गावाचा रांजण आहे आणि दर पावसाळ्यात तो फुकटात भरतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पाच ब्रासचा हायवा डंपर घाटावरून वर चढला की पावणेतीन हजार लिटरहून जास्त पाणी साठवायची जागा त्याच्याबरोबर कायमची गेली. सभेत लिलावाचा आकडा वाचला जाईल, तेव्हा हाही आकडा फळ्यावर लिहून ठेव.

काठच्या विहिरींचं पाणी याच वाळूशी जोडलेलं असतं. नदीतला खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आजूबाजूच्या विहिरी त्या खड्ड्याकडे उतरायला लागतात. मग शेतकरी विहिरीत आडवे बोअर मारतो, मोटर खाली सोडतो, आणि दोष पावसाला देतो. जुन्या बायकांना विचार, फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळूत झिरा किती खोल उकरावा लागायचा. हातभर, दोन हात, असं सांगतील. आज त्याच जागी पोकलेनने केलेले डोह आहेत आणि पहिल्या पुरात ते वरून सपाट दिसतात. त्यात पोरं बुडतात. असं झालं नाही असा गोदावरीकाठचा तालुका शोधावा लागेल.

आता मळ्यांची गोष्ट, कारण जमीन कशी जाते हे बऱ्याच जणांनी नीट पाहिलेलं नसतं. एकदा गावातल्या शाळेची पोरं घेऊन काठाच्या कपारीखाली जा. तिथे जमीन उभी चिरलेली दिसते. वर काळी माती, पुरुषभर किंवा त्याहून जास्त. त्यातला मुळांनी धरलेला थर दोन-तीन फुटांचा. खाली पिवळसर पोयटा, मग बारीक रेती, आणि सगळ्यात खाली भरड वाळूचा पट्टा, जो नदीच्या पात्रातल्या वाळूला जाऊन मिळतो. पात्रातली वाळू खोल काढली की या खालच्या पट्ट्याचा आधार सुटतो. पूर ओसरताना ओली, जड झालेली माती वर आणि खाली पोकळी, अशी अवस्था येते. मग कडा सुटते, बांध जातो, बांधावरची बाभळ जाते, पुढच्या वर्षी उसाच्या दोन सऱ्या जातात. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच राहतं. शेतसारा तेवढाच, पीककर्जाला तारण तेवढंच, आणि जमीन मात्र नदीत. काळी माती तयार व्हायला किती शतकं लागतात हे सांगत बसत नाही. तुझ्या सासऱ्यांच्या हयातीत ती परत येणार नाही आणि तुझ्या नातवाच्याही नाही.

‘वाळू दरवर्षी पुराने येतेच’ असं कुणीतरी उठून म्हणेल. पूर्वी येत होती, हे खरं. पण पैठणला जायकवाडीचं धरण १९७६ साली झालं. वरून वाहत येणारी वाळू त्या धरणाच्या नाथसागर जलाशयात थांबते, आणि धरणातून सुटतं ते पाणी आपल्याच खालच्या पात्राला खरवडत जातं. पैठणच्या खाली आणखी बंधारे झाले. सिंदफणा नदीवर माजलगावचं धरण आहे. मग आपल्या शिवारात नवी वाळू येते ती ओढ्या-नाल्यांतून, थोडीथोडी. जी पडून आहे ती बहुतेक आजोबांच्या काळाची शिल्लक आहे. म्हणून प्रश्न असा विचारायचा: गेल्या पावसाळ्यात नवी किती आली, ते कुणी मोजलं?

हा माझ्या मनचा प्रश्न नाही, कायद्याचाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान घाटालाही पर्यावरण मंजुरी लागेल. तोवर मोठा पट्टा तोडून लहान लहान तुकडे दाखवायचे आणि मंजुरी टाळायची, असा धंदा चालला होता. पुढे केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ आणि २०२० साली आली. त्यांत तीन मीटरपेक्षा खोल जायचं नाही, त्याआधी पाणी लागलं तर तिथेच थांबायचं, पावसाळ्यात पात्रातला उपसा बंद, पूल आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून अंतर ठेवायचं, असं स्पष्ट आहे. आणि २०२५ साली जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात न्यायालयाने ठामपणे सांगितलं की वाळू किती भरून येते याचा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल धरता येणार नाही. हा अहवाल तुझ्या कामाचा. कोणता घाट घ्यायचा, किती काढायचं, हे तिथे ठरतं. त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर एकवीस दिवस ठेवावा लागतो, हरकती घ्याव्या लागतात. गावं नेमकी इथे झोपलेली असतात. घाटावर जेसीबी उतरला की जागी होतात, तेव्हा ठेकेदाराच्या हातात मंजुरीचा कागद असतो. तू अहवालाची प्रत मागव, आपल्या घाटाचं पान काढ, त्यातली लांबी-रुंदी-जाडी नदीत उभी राहून ताडून पाहा.

सरकारच्या धोरणावर फार विसंबू नकोस. २०२३ मध्ये डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देऊ म्हणाले, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाकडे वळले आणि दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन द्यायचं ठरलं. कृत्रिम वाळूचं मी स्वागत करतो. भारतीय मानकाने काँक्रीटसाठी ती मान्य केली आहे. खडी केंद्राची धूळ आणि फोडलेला डोंगर हा तिचा त्रास आहेच, पण ती कुणाच्या विहिरीचं पाणी घेऊन जात नाही. तुमच्या ग्रामपंचायतीची गटारं, शाळेची खोली, स्मशानभूमीचं शेड, एवढं तरी तिच्यावर बांधायचं असा ठराव तुम्ही आजही करू शकता. घरकुलवाल्यांना वाळू लागते, ती त्यांना मिळालीच पाहिजे. त्यांची यादी आणि त्यांची गरज लिलावाच्या आकड्यापासून वेगळी मांड. ‘गरिबाच्या घराला वाळू नको का’ असं म्हणत रात्रीचे डंपर बाहेर काढणारी माणसं तुला भेटतीलच.

आता जरा अवघड विषय. तू लिहिलंस की काठाचे दोघे शेतकरी स्वतःच आपल्या शेताखालची वाळू काढायला जमीन देऊन बसलेत. त्यांना सभेत बोलावून लाजवू नकोस. कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसात भिजलं, मुलीचं लग्न तोंडावर, आणि समोर एकरी रोख रक्कम धरलेला माणूस. मीही त्यांच्या जागी असतो तर मला झोप लागली नसती. पण त्यांना घरी जाऊन दोन गोष्टी सांग. शेतातल्या वाळूलाही परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. विनापरवाना उत्खनन झालं तर महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ठेकेदार तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो. सातबारा ज्याचा, नोटीस त्याच्या दारात. दुसरं, त्या खड्ड्याची कड शेजाऱ्याच्या बांधावर येते. त्या दोघांपैकी कुणी ऐकत नसेल तर त्याच्या बायकोशी बोल. विहीर आटली की घागर तिलाच उचलावी लागते, त्यामुळे ती लवकर ऐकते.

ट्रॅक्टरवाल्या पोरांना चोर म्हणून मोकळी होऊ नकोस. ‘लोकेशन’ देणारी, म्हणजे तहसीलदारांची गाडी कुठे आहे ते फोनवर कळवणारी पोरं आपल्याच वाड्यातली असतात, रात्रीच्या काही शे रुपयांवर. त्यांच्या ट्रॅक्टरला दिवसा काम दे. तलावातला गाळ शेतात टाकायची सरकारी योजना आहे, पाणंद रस्त्यांचा मुरूम आहे, घरकुलांची वाहतूक आहे. मात्र गाळाच्या नावाखाली वाळू जाते का, यावर डोळा ठेव. हा प्रकार आता सर्रास चालतो.

आणि एक आज्ञाच समज. रात्री नदीवर एकटी जाऊ नकोस. चार माणसं घेऊनही जाऊ नकोस. अलिबागजवळच्या किहीमला २००४ साली पर्यावरण कार्यकर्त्या सुमैरा अब्दुलाली यांनी वाळू उपसा अडवला तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. त्यांनी तरीही लढा कोर्टात नेला, आणि २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने उपशावर बंदी आणली. तलाठी-तहसीलदारांच्या अंगावर गाड्या घातल्याच्या बातम्या तू वाचतेसच. तुझं हत्यार कागद आहे. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, नदीचा फोटो. तक्रार लेखी, पोच शिक्क्यासह, प्रत प्रांतांना आणि खनिकर्म अधिकाऱ्यांना. तक्रार तुझ्या एकटीच्या नावाने जाऊ देऊ नकोस, ग्रामसभेच्या ठरावाने जाऊ दे. आधी महिला सभा घे आणि तिचा ठराव इतिवृत्तात नोंदवून घे. कोऱ्या कागदावर किंवा मागच्या तारखेच्या ठरावावर कुणी काकुळतीला आलं तरी सही करायची नाही.

आता लगेच करायचं काम. नदीच्या दोन्ही काठांवरच्या, अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरींची यादी कर. मालक, गट नंबर, बांधकामाची खोली, आज पाणी किती फुटांवर आहे. मोजणी दिवाळीच्या सुमारास एकदा, मेअखेर एकदा. शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांना हे सहज जमतं; मोजपट्टीला वजन बांधायचं आणि काठाच्या एकाच ठरलेल्या खुणेवरून मोजायचं, नाहीतर आकडे जुळत नाहीत. पात्रात तीन ठिकाणी, पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायरीवर, वाळूची आजची पातळी रंगाने आखून ठेव आणि सरपंच, ग्रामसेवक, दोन शेतकरी, दोन महिला यांच्या सह्यांचा पंचनामा कर.

यादी झाली की पाठव, मी तपासून देईन. पहिल्या मोजणीला मी येतो. मोजपट्टी आणि नोंदवही माझी आणतो. जिल्हा अहवालाच्या प्रतीसाठी अर्ज सोमवारीच टाक.

तुझा,
मामा