पलटण कुणाची?

२९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बालेवाडीत मोहम्मदरेझा शादलुईने प्रो कबड्डीची ट्रॉफी उचलली. अंगात जर्सी हरियाणा स्टीलर्सची. दहा महिन्यांपूर्वी, १ मार्चला, हैदराबादमध्ये हाच इराणी गडी पुणेरी पलटणकडून खेळत होता आणि फायनलला समोर होती हीच हरियाणा. पुणं २८-२५ ने जिंकलं. पंकज मोहितेच्या एकाच चढाईत चार गुण आले, तो क्षण मंचर-नारायणगावच्या कित्येक पोरांनी स्टेटसला ठेवला होता. आणि वर्ष संपता संपता पुण्याच्याच मैदानात हा बाबा दुसऱ्याचा चषक घेऊन नाचतोय!

कमेंटमध्ये जो शब्द यायचा तो आलाच. गद्दार. महाराष्ट्रात हा शब्द गेल्या काही वर्षांत कोथिंबिरीच्या जुडीपेक्षा स्वस्त झालाय, त्यामुळे त्याचं फार मनावर घ्यायला नको. पण त्यामागचा प्रश्न खरा आहे. खेळाडू बदलतात, कोच बदलतात, मग आपण ज्याला ‘आपली टीम’ म्हणतो ते नेमकं काय असतं? आणि निष्ठा कुणी कुणाशी ठेवायची?

पलटणचा इतिहास तसा छोटा. २०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते आणि पहिल्या दोन्ही मोसमांत आपण तळाला. २०१६ मध्ये मनजीत छिल्लर आला आणि संघ वर चढला. मग तोही गेला. २०२२ ला मुंबईतल्या फायनलमध्ये जयपूरकडून चार गुणांनी हरलो. २०२४ ला जिंकलो तेव्हा पहिल्या मोसमातलं काय शिल्लक होतं? नाव, आणि ते नाव ज्यांच्या मालकीचं ती कंपनी. कॅप्टन अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, कोच बी. सी. रमेश कर्नाटकचे, बचावाचा खांब इराणचा. आणि ओरडणारे आम्ही. आम्हाला तरी ‘पुणेरी’ कोण म्हणेल? घोडेगावचा माणूस सदाशिव पेठेत गेला तर दोन मिनिटांत ओळखू येतो. आमच्याकडे अजून ‘पुण्याला जाऊन येतो’ म्हणतात, जिल्हा पुणे असला तरी.

यावर गावाकडचं ठरलेलं उत्तर असं, की पूर्वी बरं होतं, यात्रेतल्या कबड्डीत गावाची पोरं गावासाठी खेळायची. हे अर्धंच खरं आहे. बक्षिसाची रक्कम वाढली की मंडळं बाहेरचे खेळाडू आणायची, म्हणून तर स्पर्धांच्या पत्रकावर ‘एक गाव एक संघ’ असं ठळक छापावं लागतं. बैलगाड्याचंही तेच. घाटात गाडा एका नावाने पुकारला जातो, पण जुंपलेले बैल कधी कधी दोन-तीन गोठ्यांतले असतात. चांगला बैल लाखांत विकला जातो आणि पुढच्या यात्रेला दुसऱ्याच्या गाड्याला पळतो. तरी बैलाला कुणी गद्दार म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. बैल विकणाऱ्याला मात्र लोक नावं ठेवतात.

म्हणजे बैलाच्या बाबतीत आपला हिशेब बरोबर असतो: ज्याने निर्णय घेतला त्याला जाब. शादलुईच्या बाबतीत तो कुठे बिघडतो? ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पुण्याने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्या मोसमात सर्वाधिक पकडी त्याच्याच. मग पुढच्या लिलावाआधी पुण्यानेच त्याला सोडलं आणि हरियाणाने २ कोटी ७ लाखांना उचललं. लिलावात खेळाडू संघ निवडत नाही. जास्त बोली लावणारा त्याला निवडतो. ज्याला निवडायची मुभाच नव्हती त्याने दगा दिला असं कसं म्हणता येईल?

मुभा नसण्यावरून अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मोठी लढाई झाली होती. तिथल्या करारात एक कलम असायचं, त्याच्या जोरावर क्लब खेळाडूला हवा तितका काळ बांधून ठेवी, हवं तेव्हा दुसऱ्या क्लबला देऊन टाकी. खेळाडूला बोलायची सोय नाही. कर्ट फ्लड सेंट लुईसकडून १२ मोसम खेळला आणि १९६९ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो गेला नाही. आपण विकत घ्यायची-विकायची वस्तू नाही, अशा अर्थाचं पत्र त्याने बेसबॉलच्या कमिशनरला लिहिलं आणि थेट सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला. १९७२ मध्ये तो हरला. त्याची कारकीर्द त्याआधीच संपली होती. १९७५ च्या अखेरीस दुसऱ्या खेळाडूंच्या प्रकरणात लवादाचा निकाल आला आणि ते कलम मोडलं. जुन्या काळातले ‘एकाच क्लबचे निष्ठावान खेळाडू’ आठवून आपण हळहळतो, पण त्यातल्या किती जणांना जायचं दार उघडं होतं? दाराला कुलूप असेल तर आत राहणाऱ्याची निष्ठा मोजता येत नाही.

आणि मालकांच्या पायात तर कुलूप कधीच नव्हतं. ब्रुकलिन डॉजर्स हा न्यूयॉर्कच्या एका भागाचा लाडका संघ. ट्रॅम चुकवत रस्ते ओलांडणारे लोक म्हणून ‘डॉजर्स’, इतकं ते नाव त्या रस्त्यांचं होतं. वर्षानुवर्षं फायनल हरायचे आणि लोक म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. १९५५ मध्ये एकदाचे जिंकले. १९५७ चा मोसम संपल्यावर मालक वॉल्टर ओमॅली संघ उचलून लॉस एंजेलिसला घेऊन गेला, नावासकट. जुनं मैदान १९६० मध्ये पाडलं. खेळाडू तेच, नाव तेच, पण ब्रुकलिनच्या लोकांना विचाराल तर त्यांचा संघ मेला होता.

मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. पुण्यात सगळे खेळाडू बदलले तरी संघ जिवंत राहिला. ब्रुकलिनमध्ये सगळे खेळाडू तेच राहूनही संघ गेला. म्हणजे संघ खेळाडूंच्या यादीत नसतो, कंपनीच्या कागदातही नसतो. तळाला असताना रिमोट न बदलणारे लोक आणि त्यांची जागा यांच्यात तो असतो. ही निष्ठा एकतर्फी आहे, मान्य. आपण ती आपल्या खुशीने ठेवतो, त्यामुळे पगार घेऊन खेळणाऱ्या पोराकडून तिची परतफेड मागता येत नाही. गुडघा गेला तर त्याचं काय होणार आहे, हे आपण बघायला जात नाही. त्याने पुढचा करार बघावा, बिनधास्त बघावा.

मागायचं तर जे नाव विकतात त्यांच्याकडे मागावं. २०२५ च्या मोसमात सामने झाले विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. पुण्यात एकही नाही. ‘पुणेरी’ लिहिलेली जर्सी घातलेला संघ अख्खा मोसम पुण्याबाहेर खेळला, फायनलला पोचला आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दिल्लीकडून ३१-२८ ने हरला. त्याबद्दल कुणी गद्दार म्हटलं नाही. मंचरहून बालेवाडी तासा-दोन तासांवर आहे, चाकणला ट्रॅफिक लागलं नाही तर. दिल्लीला कोण जाणार होतं?