नाही म्हणण्याची सोय

जुलै 2025 मध्ये नागपूरच्या एम्सचं नाव अचानक समोसा-जिलेबीशी जोडलं गेलं. संस्था-कार्यालयांत तेल आणि साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावा, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सुचवलं होतं. बातमी झाली ती ‘समोशावर सिगारेटसारखा इशारा’ अशी. फेरीवाल्यांच्या मालावर काही छापायचं नाही, असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला, पण तोवर दोन तट पडले होते.

सरकारनं आमच्या ताटात डोकावू नये म्हणणाऱ्यांशी वाद नको. तेलाचं माप कळणंही ज्याला जाच वाटतो, त्याचं स्वातंत्र्य फारच नाजूक म्हणायचं.

दुसरा तट शिकलेल्यांचा. त्यांचं म्हणणं, माणसाला शहाणपण शिकवू नका, शहर सुधारा. इथं नागपुरात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, पदपथ मोकळे नाहीत, उत्तरेला कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख आहे. सगळं मान्य. पण हे मी ज्यांच्या तोंडून ऐकतो त्यांच्या घरी एसी आहे, सकाळचा तास मोकळा आहे आणि फुटाळा तलावावर ते जातात ते गाडीनं, खायला. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याच्यासाठी व्यवस्था बदललीच पाहिजे. त्याची वकिली करता करता स्वतःचं वकीलपत्रही त्याच फायलीत सरकवायचं, हे कसं चालेल? आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण शहरांत 16.4 टक्के, खेड्यांत 8.9 टक्के आढळलं. नुसती सोयीसुविधांची वानवा हेच कारण असतं, तर आकडे उलटे दिसले असते. ते म्हणतील, शहर हीच तर व्यवस्था! म्हणोत. उत्तम पदपथ बांधून दिला तरी तिसरा पेढा पदपथ नाकारत नाही.

नागपूरच्याच डॉ. श्रीकांत जिचकारांच्या ढीगभर पदव्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. खरी भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवा, असं ते सांगत. 2004 मध्ये ते अपघातात गेले, पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो विचार महाराष्ट्रभर नेला. जितक्यांदा खाणं तितक्यांदा इन्सुलिन, या त्यातल्या गणितावर आहारतज्ज्ञांचं एकमत नाही, आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये. मला त्यात रस आहे तो निराळ्या कारणानं.

आपल्याकडे परक्या घरी चिवड्याची बशी नाकारणं सोपं नाही. ‘वजन वाढलंय’ म्हटलं, तर ‘एवढ्यानं काय होतंय?’ असं उत्तर येतं. ‘उपास आहे’ म्हटलं की आग्रह जागच्या जागी थांबतो. ‘दीक्षित सुरू आहे’ या वाक्याला बघता बघता तोच मान मिळाला. निश्चय दर बशीला नव्यानं करावा लागतो, आणि संध्याकाळपर्यंत तो थकतो. नियम एकदाच करायचा असतो. मग बशी आली तरी प्रश्न उठत नाही, आणि चार लोकांत तो सांगताही येतो. (साबुदाण्याच्या खिचडीनं उपासाचं काय केलं ते मलाही माहीत आहे. वाकडा नियमही तितक्याच निष्ठेनं पाळला जातो.) 1914 पासून चालत आलेलं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ घ्या, की जनार्दनस्वामींचं नागपूरच्या रामनगरातलं योगाभ्यासी मंडळ, तिथं शिस्त टिकली ती ठरलेल्या वेळेमुळे आणि जागेमुळे. जबाबदारी घ्या, एवढंच सांगणारे माणसाकडून निश्चय मागतात. त्याला नियम हवा असतो.

एक अडचण मात्र मला सुटलेली नाही. घरातला पुरुष ‘रात्री सातनंतर जेवत नाही’ असा नियम करतो, तेव्हा सातच्या आत कुणीतरी पोळ्या लाटून देतं. त्या बाईचं जेवण सगळ्यांच्या शेवटी, बरेचदा उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून. तिनं असा नियम केला तर आधी घराचं वेळापत्रक हलवावं लागेल, आणि ते तिच्या एकटीच्या हातात नाही. व्यवस्थेची भाषा बोलणाऱ्यांनी पदपथाऐवजी या स्वयंपाकघरापासून सुरुवात केली असती, तर मी त्यांचं जास्त ऐकलं असतं.